घरात नेटचा स्पीड किती घ्यावा? आधी रात्री नऊचा हिशेब मांडा

नवीन कनेक्शन घेताना नेटवाला पहिला प्रश्न विचारतो, "घरात माणसं किती?" चार म्हटलं की तो १०० एमबीपीएस सांगतो, सहा म्हटलं की २००. पण माणसं मोजून स्पीड ठरत नाही. एकाच वेळी कोण काय लावून बसतं, यावर तो ठरतो. बहुतेक घरांत ही वेळ रात्री नऊ ते साडेदहाची असते. टीव्हीवर मॅच किंवा मालिका, मुलं फोनवर, आजी-आजोबा यूट्यूबवर कीर्तन ऐकत बसलेले आणि आतल्या खोलीत कुणाचा तरी अमेरिकेतल्या ऑफिसशी कॉल. हा दीड तास ज्या स्पीडमध्ये सुरळीत निघतो, तो तुमच्या घराचा स्पीड. उरलेल्या दिवसात त्यातला बराचसा वापरलाच जात नाही.

मोजमापातली पहिली गल्लत

प्लॅनवर लिहिलेला आकडा एमबीपीएस असतो, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. फाइल डाउनलोड करताना कॉम्प्युटर दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल जास्तीत जास्त सेकंदाला साडेबारा एमबी या वेगाने उतरते. प्रत्यक्षात ११ ते १२ दिसलं तर लाइन उत्तम आहे. "१०० घेतलं आणि १२ च येतंय" ही तक्रार बहुतेक वेळा या गल्लतीतून आलेली असते.

दुसरी गोष्ट, "ब्रॉडबँड" या शब्दावर जाऊ नका. २०२३ च्या सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं की ते ब्रॉडबँड. जाहिरातीत "१०० एमबीपीएसपर्यंत" असं लिहिलेलं असतं, त्यातला "पर्यंत" महत्त्वाचा.

हिशेब कसा मांडायचा

कागद घ्या. रात्री नऊला घरात जे जे चालू असतं ते एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर हे आकडे टाका:

- फुल एचडी व्हिडिओ, टीव्हीवर किंवा फोनवर: ५ एमबीपीएस
- फोर-के व्हिडिओ: नेटफ्लिक्स १५ सांगतं, यूट्यूब २०. आपण २० धरू
- ऑफिसचा ग्रुप व्हिडिओ कॉल: डाउनलोड ३, अपलोड ४
- व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ कॉल: दोन्हीकडे दीड-दोन
- रील्स आणि शॉर्ट्स पाहणारा प्रत्येक फोन: ५
- ऑनलाइन गेम खेळताना: १ सुद्धा पुरतो (गेम उतरवून घेणं हे वेगळं प्रकरण, ते पुढे)
- सतत क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा सीसीटीव्ही: अपलोड २ ते ४, प्रत्येक कॅमेऱ्यामागे
- बाकी सगळे फोन, अपडेट, स्पीकर वगैरे मिळून: ५

ठाण्या-डोंबिवलीतलं टू बीएचके धरू. हॉलमध्ये फोर-के टीव्हीवर मॅच, २०. आजोबांचा यूट्यूब, ५. मुलीच्या फोनवर रील्स, ५. एक ऑफिस कॉल, ३. बाकीचं किरकोळ, ५. बेरीज ३८. यात अर्धी भर घाला, १९. झाले ५७.

ही अर्धी भर का, तर व्हिडिओ नळाच्या पाण्यासारखा एकसारखा येत नाही. अॅप पुढचा काही सेकंदांचा तुकडा एकदम ओढतं, थांबतं, पुन्हा ओढतं. चार जणांचे तुकडे एकाच क्षणी आले की बेरजेपेक्षा जास्त जागा लागते. शिवाय वायफायमध्ये थोडं गळतं आणि रात्री कंपनीच्या बाजूनेही थोडं घसरतं.

म्हणजे या घराला ६० चा प्लॅन पुरतो आणि १०० आरामात होतो. टीव्ही फुल एचडीच असेल तर बेरीज २३ वर येते, भर घालून ३५, मग ४० चा प्लॅनही चालतो. महाराष्ट्रातल्या शहरी चौकोनी कुटुंबासाठी आमचं सरळ मत असं आहे: १०० च्या वर जायला ठोस कारण लागतं. ते कारण बहुतेक घरांत नसतं, आणि तिथे २०० साठी दिलेले पैसे वाया जातात.

ठोस कारणं तीनच. कन्सोलवर किंवा पीसीवर मोठे गेम उतरवणारं कुणी घरात असणं हे पहिलं. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर साडेपाच तास घेतो, १०० वर सव्वादोन तास, ३०० वर पाऊण तास. रात्री लावून सकाळी खेळायची तयारी असेल तर हेही कारण उरत नाही. दुसरं कारण पुण्यात कोथरूड-हिंजवडीकडे दिसतं, एका फ्लॅटमध्ये सहा-सात जण, प्रत्येकाचा लॅपटॉप आणि फोन, आणि सगळे एकाच वेळी घरी. तिथे १५० ते २०० घ्या, पैसे वाटले जातातच. तिसरं कारण अपलोडचं, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

अपलोड विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

डाउनलोडचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, अपलोडचा कुठे तरी खाली किंवा नसतोच. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, पण सगळ्यांत नाही. काही स्थानिक ऑपरेटर अपलोड अर्ध्यावर ठेवतात. फाइव्ह-जीवर चालणाऱ्या एअरफायबरमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.

याने बिघडतं काय ते बघा. समजा डाउनलोड ५० आणि अपलोड १० आहे. दोन कॅमेरे सतत क्लाउडवर चित्र पाठवतायत, ४ गेले. ऑफिस कॉलला ४. राहिले २. तेवढ्यात आईच्या फोनने लग्नाचे फोटो बॅकअपला टाकायला सुरुवात केली. अपलोड पूर्ण भरला, राउटरमध्ये रांग लागली आणि कॉलचे तुकडे त्या रांगेत अडकले. समोरच्याला तुमचा आवाज रोबोसारखा ऐकू येतो. गंमत म्हणजे टीव्हीही अडखळू लागतो, कारण डाउनलोड होत असताना "मिळालं, पुढचं पाठव" असा निरोप वर जावा लागतो, आणि तोही त्याच रांगेत उभा असतो. अशा वेळी डाउनलोड ५० वरून १५० केला आणि अपलोड तेवढाच राहिला तर काडीचा फरक पडत नाही.

आधी फुकटचे उपाय करा. फोनच्या फोटो बॅकअपमध्ये "चार्जिंगला असताना" असा पर्याय असेल तर तो निवडा. कॅमेऱ्यांना सतत रेकॉर्डिंगऐवजी हालचाल झाली तरच क्लाउडवर पाठवायला सांगा आणि सततचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर किंवा डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरातच साठवणारा डबा) ठेवा. एवढं करून घरात रोज दोन ऑफिस कॉल असतील तर किमान २० एमबीपीएस अपलोड मागा. लग्नाचे व्हिडिओ पाठवणारा फोटोग्राफर किंवा एडिटर घरात असेल तर अपलोड हाच मुख्य आकडा समजा. ५० जीबीचं फूटेज २० एमबीपीएस अपलोडवर साडेपाच तास घेतं, १०० वर तास-सव्वा तास.

डेटाची मर्यादा

"अनलिमिटेड" प्लॅनलाही वापराची मर्यादा असते. ती ओलांडली की स्पीड खाली येतो, बिलाच्या तारखेपर्यंत. मोठ्या कंपन्यांच्या फायबरला ही मर्यादा महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास असते, एअरफायबरला साधारण १००० जीबी. फुल एचडी व्हिडिओ तासाला दोन ते तीन जीबी खातो, फोर-के सात. म्हणजे रोज चार तास फोर-के पाहिला तर महिन्याला ८४० जीबी. फायबरला हे काहीच नाही, एअरफायबरवाल्याची मात्र मर्यादा जवळ आली.

आणि कॅमेरे पुन्हा आलेच. २ एमबीपीएसने चोवीस तास पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी घेतो, महिन्याला ६४८. असे दोन कॅमेरे असले तर १००० जीबीची मर्यादा तेच संपवतात, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात "नेट अचानक मंद झालं" म्हणून सगळं घर वैतागतं. मर्यादेत अपलोडही मोजतात का आणि मर्यादेनंतर स्पीड नेमका किती राहतो, हे दोन्ही विचारून घ्या.

प्लॅन वाढवण्याआधी वायफाय तपासा

आतल्या खोलीत नेट चालत नाही म्हणून लोक १०० वरून २०० वर जातात, आणि आतल्या खोलीत तरीही चालत नाही. तिथपर्यंत रेंजच पोचत नसते, त्याला प्लॅन काय करणार.

बहुतेक घरांतला राउटर दोन पट्ट्यांवर (फ्रिक्वेन्सी बँडवर) चालतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यावर प्रत्यक्षात ३० ते ६० एमबीपीएसच्या वर क्वचित मिळतं. शिवाय सोसायटीत वीस-पंचवीस शेजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यावर असतात आणि एकमेकांना न अडवणारी चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर ३०० ते ५०० सहज मिळतं, पण दोन भिंतींनंतर तो गळपटतो. कोकणातल्या जांभ्याच्या घरात किंवा जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतीत तर एकाच भिंतीत. जुन्या किंवा स्वस्त फोनमध्ये ५ गिगाहर्ट्झ नसतोच. अशा फोनवर स्पीड टेस्ट करून कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही.

राउटर कुठे बसतो हे बहुतेक घरांत वायरमन ठरवतो, आणि त्याला सोयीची जागा म्हणजे मुख्य दाराच्या वरचा कोपरा. तिथून निम्मी रेंज जिन्यात जाते. भोक पाडायच्या आधीच त्याला सांगा, की राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला हवा. आत दहा-पंधरा मीटर फायबर जास्त ओढणं अवघड काम नाही, फक्त ती काटकोनात मोडू देऊ नका. काच आहे, वळण बांगडीएवढं तरी मोठं हवं. टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत, आरशाजवळ, लोखंडी कपाटावर किंवा फिश टँकशेजारी राउटर ठेवू नका. धातू आणि पाणी दोन्ही रेंज खातात.

घर लांबट असेल किंवा दोन मजली असेल तर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे लॅन केबल ओढून दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर लावणं. कॅट फाइव्ह-ई केबल पुरते, १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वाहते. दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कमधला पत्ता वाटणारी सोय) बंद करा, पहिल्याच्या लॅन पोर्टमधली केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. वॅन पोर्टमध्ये (बाहेरून आलेली नेटची वायर लावायचा पोर्ट) लावली तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि प्रिंटर, कॅमेरे एकमेकांना सापडत नाहीत. हजार-बाराशे रुपयांचा प्लगमध्ये बसणारा रिपीटर टाळा. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणून त्याच्यामागे स्पीड निम्मा होतो. जिथे केबल ओढताच येत नाही तिथे मेश घ्या (एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे), तोही ट्राय-बँड, म्हणजे तीन रेडिओंचा.

तीन जागी, तीन वेळी मोजा

स्पीड टेस्ट एकदा करून काही कळत नाही. ती तीन जागी करा: लॅन केबल लावलेल्या लॅपटॉपवर, राउटरपासून दोन मीटरवर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, आणि सर्वांत लांबच्या खोलीत. आणि सकाळी, दुपारी, रात्री साडेनऊला, असं तीन दिवस. वहीत लिहा. मग आकडेच बोलतात.

केबलवर पूर्ण आणि लांबच्या खोलीत थोडा असेल तर दोष वायफायचा, प्लॅनला हात लावू नका.

२०० चा प्लॅन आणि केबलवर हट्टाने ९२ ते ९५ च येत असेल तर कुठे तरी १०० चा अडसर आहे. राउटरचा किंवा जुन्या लॅपटॉपचा पोर्ट १०० चा असतो, किंवा लॅन केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते. चार तारांवरही लिंक लागते, पण १०० वरच. आधी केबल बदलून बघा, शे-दोनशे रुपयांत प्रश्न सुटतो. ऑपरेटरने फुकट दिलेला राउटर १०० च्या पोर्टचा असेल तर २०० चा प्लॅन विकणाऱ्यानेच तो बदलून द्यायला हवा, हे ठणकावून सांगा.

सकाळी ९५ आणि रात्री २० असेल तर तुमच्या भागाची लाइन ऑपरेटरने गरजेपेक्षा जास्त घरांत वाटली आहे. फायबरच्या एका धाग्याचे स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांपर्यंत फाटे काढता येतात, आणि त्यामागे ऑपरेटरने वरून विकत घेतलेली बँडविड्थ (सगळ्या ग्राहकांत वाटायची नेटची क्षमता) असते. दोन्हीपैकी काहीही अपुरं पडलं की रात्री सगळ्यांचं खाली येतं. इथे मोठा प्लॅन घेऊन उपयोग नाही, ऑपरेटर बदला. म्हणूनच नवीन कनेक्शन घेण्यापूर्वी त्याच विंगेतल्या, त्याच कंपनीच्या ग्राहकाकडे रात्री साडेनऊला पाच मिनिटं बसून टेस्ट करणं सर्वांत फायद्याचं.

टेस्टमध्ये पूर्ण स्पीड, पण काही साइट रखडतात, असंही होतं. टेस्टचं अॅप बहुधा ऑपरेटरच्याच जवळचा सर्व्हर निवडतं, म्हणजे घरातल्या घरात धावण्याची शर्यत. दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून पुन्हा मोजा.

स्पीडबरोबर पिंगही पाहा, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरवर मुंबईतल्या सर्व्हरचा पिंग ५ ते २० मिलिसेकंदांत असायला हवा. काही टेस्ट डाउनलोड-अपलोड चालू असतानाचा पिंगही वेगळा दाखवतात. तो २०० च्या वर उडत असेल तर कॉल आणि गेम अडखळणारच, डाउनलोडचा आकडा कितीही देखणा असला तरी.

लाल दिवा आणि पावसाळा

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला की प्रकाश घरापर्यंत येत नाही. राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, सरळ तक्रार नोंदवा. उंदरांनी कुरतडलेली, माकडांनी ओढलेली किंवा फांदीने तोडलेली लाइन अशीच कारणं बहुधा असतात. लाल दिवा नाही पण नेट पावसात तुटक होत असेल तर खांबावरच्या जोडाच्या डब्यात पाणी शिरलेलं असू शकतं. वायरमनला मीटर लावून पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दाखवायला सांगा. ती डीबीएममध्ये मोजतात. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेलं की लाइन दुरुस्त करायलाच हवी. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्यात बसवलेला नाही ना, हेही पाहायला सांगा. दोघांच्या टोकांचा कोन वेगळा असतो, जोडले तर प्रकाश वाया जातो.

घरात येणारी वायर फायबर आहे की लॅन केबल, हे जरूर पाहा. काही ऑपरेटर फायबर गच्चीपर्यंत आणतात आणि तिथल्या स्विचमधून (नेटचे फाटे काढणारा, विजेवर चालणारा डबा) प्रत्येक घरात लॅन केबल सोडतात. मग इमारतीची वीज गेली की तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही नेट जातं. शिवाय तांब्याच्या तारेतून विजेचा झटका येऊन वळवाच्या पावसात पोर्ट जळतात. फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. घरात फक्त राउटर आणि फायबरचा डबा चालू ठेवायचा, त्याला १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस पुरतो. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर मिळवून पाहा, यूपीएस तेवढा भार पेलणारा हवा.

फायबर नाही तिथे

गावाबाहेरच्या घरात किंवा नव्या सोसायटीत एअरफायबर हाच मार्ग असेल तर आधी त्याच कंपनीचं फाइव्ह-जी सिम असलेला फोन घेऊन रात्री नऊला गच्चीवर, टॉवरच्या दिशेला टेस्ट करा. तिथे मिळतं त्याच्या जवळपासच बाहेरच्या अँटेनाला मिळेल. टॉवर सगळ्यांचा असतो, म्हणून आठवडी बाजाराच्या आणि जत्रेच्या दिवशी तो घसरतो. रोज ऑफिस कॉल असणाऱ्याने जोडीला मोबाइल डेटाची सोय ठेवावी.

पैसे भरताना

जाहिरातीतली किंमत बहुधा करावेगळी असते. ५९९ लिहिलं असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ७०७ होतात. ओटीटीचं पॅकेज जोडलेलं असेल तर त्यातलं घरात कोण काय बघतं ते मोजा, नुसत्या नेटचा प्लॅन अनेकदा स्वस्त पडतो. बाहेरून घरच्या डीव्हीआरमध्ये पाहायचं असेल तर पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा फक्त तुमच्या कनेक्शनचा पत्ता) मिळतो का, हे विचारा. बरेच ऑपरेटर अनेक ग्राहकांना एकच आयपी वाटून देतात आणि मग पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या डीव्हीआरकडे वळवणं, चालत नाही.

वर्षाचे पैसे एकदम भरले की सूट मिळते, पण पहिला महिना महिन्याचाच घ्या. वर सांगितलेल्या नोंदी या महिन्यात करा. हिशेबाने निघालेल्या आकड्याच्या लगेच वरचा प्लॅन घ्या. कमी पडला तर बहुतेक कंपन्यांकडे वर चढणं एका दिवसात होतं, खाली उतरायला मात्र बिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. स्पीड मिळत नसेल तर तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. कस्टमर केअरने दाद दिली नाही तर मोठ्या कंपन्यांचा अपीलीय प्राधिकारी असतो, त्याच्याकडे तोच नंबर आणि तुमची वही घेऊन जा.

जुनं कनेक्शन बंद करायची घाई नको. नवं लागल्यावर आठवडाभर दोन्ही चालू ठेवा, त्यात एक रविवारची रात्र आणि एक ऑफिसचा दिवस येऊ द्या. मग जुना डबा आणि अडॅप्टर परत करा आणि त्याची पावती घ्या, कारण डिपॉझिट त्या पावतीवरच परत मिळतं.